मर्यादित उत्पादनाच्या किटमधून ‘चीता’ कसं उभारावं

चीता हेलिकॉप्टरचं मॉडेल करायचं ठरवलं की किट शोधण्यापासूनच कामाला सुरुवात होते. फायटर विमानांची किटं मोठ्या कंपन्या ढिगाने काढतात. आपल्या सैन्याच्या हलक्या हेलिकॉप्टरला जगभरात तेवढं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे एक तर बंद झालेलं जुनं किट हुडकायचं, नाहीतर एखाद्या छोट्या कारखान्याचं मर्यादित उत्पादनाचं किट घ्यायचं, असे दोनच रस्ते उरतात. चेक प्रजासत्ताक आणि युक्रेन इथे असे छोटे कारखाने बरेच आहेत. त्यांचा माल एकदा संपला की पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून दिसलं की घेऊन ठेवावं.

मोठी कंपनी पोलादाचा साचा करते आणि त्यातून वर्षानुवर्षं नग काढते. छोट्या कारखान्याचा साचा मऊ असतो, प्लॅस्टिक कमी दाबाने भरतात आणि साचा झिजायच्या आत थोडेच नग निघतात. याचे परिणाम डबा उघडताच दिसतात. दोन भाग एकमेकांत बसवायच्या खुंट्या नसतात. भागांच्या कडेला पातळ पापुद्रा आलेला असतो. भाग ज्या जाड दांडीला जोडलेले असतात तो जोड भागापेक्षाही जाड असतो. बारीक कामाला रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कडक प्लॅस्टिकचे) तुकडे आणि कोरीव पितळी पत्रा दिलेला असतो, काच कधी कधी नुसत्या दाबून काढलेल्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची असते, आणि माहितीपत्रकावरचा बाण बऱ्याचदा नेमकी जागा दाखवतच नाही.

तरीही मला अशी किटं मनापासून आवडतात. त्यात अर्धं काम कारखान्याने केलेलं असतं आणि अर्धं तुमच्यावर सोपवलेलं असतं. एकच पथ्य पाळायचं: जोडणीचा क्रम माहितीपत्रकावरून घेऊ नका, खऱ्या हेलिकॉप्टरवरून आणि स्वतःच्या मोजमापावरून ठरवा. आधी मोजा, मग कोरडं जुळवून बघा, आणि चिकटवायचं ते सगळ्यात शेवटी.

आधी हेलिकॉप्टर समजून घ्या

चीता म्हणजे फ्रान्सच्या ‘लामा’ची बंगळुरूच्या एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) परवान्यावर बांधलेली आवृत्ती. लामा घडलं तेच भारतीय सैन्याच्या गरजेपोटी. उंच, विरळ हवेत ओझं घेऊन उतरेल असं हलकं यंत्र हवं होतं. फ्रेंच अभियंत्यांनी ‘अलूएत २’चा सडपातळ सांगाडा घेतला आणि त्याला ‘अलूएत ३’चं इंजिन आणि पंखा बसवला. १७ मार्च १९६९ला ते पहिल्यांदा उडालं. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले या वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. इंजिन वरच बंद पडलं आणि त्याने पंख्याच्या नुसत्या फिरत्या गतीवर ते खाली उतरवलं. १९८४मध्ये सियाचिन हिमनदी ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली, आणि तेव्हापासून सियाचिनच्या चौक्यांना सामान पोचवणं, आजारी आणि जखमी जवानांना खाली आणणं हे काम चीताने वर्षानुवर्षं केलं. सांगली-साताऱ्याकडची किती घरं सैन्याशी जोडलेली आहेत ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हे मॉडेल नीट झालं पाहिजे असं मला वाटतं ते त्यामुळेच.

मॉडेल करणाऱ्याला या इतिहासातून एक कामाची गोष्ट मिळते. वजन वाचवायला या यंत्रावरचं जवळपास सगळं आवरण काढून टाकलेलं आहे. शेपटीचा सांगाडा उघडा, इंजिन उघडं, केबिन म्हणजे काचेचा फुगा. म्हणजे झाकून टाकता येईल असं इथे काही नाही, आणि कुठे वेळ द्यायचा तेही आपोआप ठरतं: शेपूट, केबिन आणि पंख्याचा माथा, म्हणजे पाती जिथे एकत्र येतात तो मधला भाग. बाकीचं लवकर उरकतं.

एक विशिष्ट हेलिकॉप्टर निवडा. वायुसेनेचं की आर्मी एव्हिएशन कोअरचं (ही कोअर १ नोव्हेंबर १९८६ला उभी राहिली, त्याआधीचं चीता करत असाल तर तिच्या खुणा चालणार नाहीत), कोणत्या काळातलं, कोणत्या क्रमांकाचं. त्या एकाच यंत्राचे जमतील तेवढे फोटो गोळा करा आणि मोठे छापून घ्या. वेगवेगळ्या फोटोंतल्या सोयीच्या गोष्टी उचलून एक मॉडेल केलं, तर जगात कधीच नसलेलं हेलिकॉप्टर तयार होतं.

मोजमाप

चीताच्या मुख्य पंख्याचा व्यास ११.०२ मीटर. १/७२ प्रमाणात तो १५३ मिलिमीटर होतो, १/४८मध्ये २३० मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत अनुक्रमे साडेशहात्तर आणि एकशे पंधरा. किटमधलं पातं आणि माथा शेजारी ठेवून व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मोजा. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक सापडला तर घाबरायचं कारण नाही, पण तो आत्ताच कळायला हवा. बाकीच्या भागांसाठी सोपा हिशेब लक्षात ठेवा: खरा एक मीटर म्हणजे १/७२मध्ये १३.९ मिलिमीटर, १/४८मध्ये २०.८.

मोजून झाल्यावर प्रत्येक भागाची यादी तपासा. छोट्या कारखान्याच्या डब्यात एखादा रेझिनचा तुकडा कमी असू शकतो. विक्रेत्याला लगेच कळवलं तर बदली मिळण्याची शक्यता असते, सहा महिन्यांनी कळवून उपयोग नाही.

सामान : मिरज कामाला येते

या छंदाची बरीच हत्यारं परदेशातून मागवावी लागतात असा समज आहे. सांगली-मिरजेत राहणाऱ्याला तसं करायची फारशी गरज नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सर्जिकल सामानाच्या कोणत्याही दुकानात ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची पाती मिळतात. या कामाला यापेक्षा चांगली सुरी नाही. पातं स्वस्त आहे, तेव्हा बोथट झालं की बदला. तिथूनच इंजेक्शनच्या सुया घ्या: २६, २३, २१ आणि १८ नंबरच्या. त्यांचा बाहेरचा व्यास साधारण ०.४६, ०.६४, ०.८२ आणि १.२७ मिलिमीटर. म्हणजे अचूक मापाची, गुळगुळीत, गंज न लागणारी नळी हातात आली. सुईचं टोक आधी कानशीने घासून बोथट करा, आणि उरलेल्या सुया झाकणाच्या डब्यात बंद करूनच टाका.

मिरजेची दुसरी देणगी म्हणजे सतारमेकर गल्ली. सतार आणि तंबोऱ्याच्या पितळी तारा तिथे वेगवेगळ्या जाडीत मिळतात. शेपटीच्या सांगाड्याला हीच तार लागते, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. व्हर्निअर घेऊनच दुकानात जा आणि तार मोजून घ्या.

सोनाराची बारीक करवत रेझिनचे ठोकळे कापायला, घड्याळजीचा चिमटा पितळी पत्र्याला, आणि हार्डवेअरच्या दुकानातला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एनसी पुट्टी मिळते. ती अगदी पातळ थरात लावायची, जाड थरातलं थिनर प्लॅस्टिक खातं. मोठ्या फटींना एम-सील बरी. फेविक्विक, अरल्डाइट आणि फेविकॉल तर घरातच असतात. मागवावं लागतं ते प्लॅस्टिक विरघळवून जोडणारं पातळ सिमेंट, चांगली मास्किंग टेप आणि मॉडेलचे रंग. प्लॅस्टिकच्या पट्टीसाठी तळाशी त्रिकोणात ६ आकडा असलेले टाकाऊ पेले जपून ठेवा. ते पॉलिस्टायरीनचे असतात आणि किटच्या प्लॅस्टिकशी त्याच सिमेंटने जुळतात. जुनं एटीएम कार्ड वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं, त्याला सिमेंट चालत नाही.

भाग सोडवणं

भाग दांडीवरून थेट भागाच्या कडेला कापू नका. जोड जाड असतो आणि प्लॅस्टिक मऊ, त्यामुळे कापताना भागाचा लचका निघतो. आधी दोन-तीन मिलिमीटर लांबून करवतीने सोडवा, मग उरलेला ठोंब ११ नंबरच्या पात्याने थोडा थोडा तासा, शेवटी ६०० नंबरच्या पेपरवर पाण्यात घासा. पापुद्रा काढताना पातं उभं धरून कड खरवडा. खरी कड कुठे संपते आणि पापुद्रा कुठे सुरू होतो हे कळत नसेल तर भाग खिडकीकडे धरून बघा. पापुद्र्यातून उजेड दिसतो.

सोडवलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत घालून त्यावर क्रमांक लिहा. अशा किटमध्ये भागांवर क्रमांक छापलेले नसतात, आणि डावी-उजवी जोडी एकदा मिसळली की वेगळी करायला फार वेळ जातो.

रेझिनचे भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्याचं तेल राहिलं तर पुढे रंग सुटतो. वाकडा झालेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करा आणि सरळ धरूनच गार पाण्यात बुडवा. रेझिन कापताना आणि घासताना मास्क घालायचाच, आणि काम ओलं ठेवायचं. ही धूळ फुफ्फुसाला वाईट आहे. लहान मुलं आसपास असतील तर हे काम त्या दिवशी नको.

कोरीव पितळी पत्र्यातले जे भाग गोल वाकवायचे आहेत ते गॅसच्या ज्योतीवर क्षणभर धरून मऊ करा. जे घडी घालायचे आहेत ते तसेच कडक ठेवा. कापताना खाली फरशीचा गुळगुळीत तुकडा घ्या, रबरी मॅटवर पत्रा दबतो आणि कड मुडपते.

शेपटीचा सांगाडा

चीताची ओळख या सांगाड्यावरून होते. खऱ्या यंत्रात पोलादी नळ्या त्रिकोणात जोडून हा बनवलेला आहे. खरी नळी चार सेंटिमीटर जाडीची धरली तरी १/७२मध्ये ती ०.५५ मिलिमीटर होते. मऊ साच्यातून एवढी बारीक गोल काडी सरळ निघणं कठीण, म्हणून किटमध्ये ती एक तर बेढब जाड असते, नाहीतर कोरीव पत्र्याची सपाट पट्टी असते. सपाट पट्टी बाजूने बघितली की नाहीशी होते. माझं स्पष्ट मत आहे की हा भाग तारेतूनच करावा. किटचा भाग नमुना म्हणून वापरा.

वाद्याची तार गुंडाळी करून येते आणि तिला वळण राहतं. तिचे वीसेक सेंटिमीटरचे तुकडे करा. गॅसवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे फिरवत, मंद लालसर दिसेपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. मग एक टोक शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, आवळा. दुसरं पकडीत धरून सावकाश ओढा. हाताला किंचित सैल पडल्यासारखं वाटतं, तिथे थांबा. तार सुतासारखी सरळ होते आणि ओढल्यामुळे पुन्हा कडकही होते. त्यानंतर ६०० नंबरच्या पेपरने पुसून चकचकीत करा. काळपट तारेवर सोल्डर बसत नाही.

सांगाड्याच्या एका बाजूचं चित्र योग्य प्रमाणात छापून एमडीएफच्या फळीवर चिकटवा. लांब तारा चित्रावर ठेवा आणि दोन्ही अंगांनी टाचण्या ठोकून जखडा. आता आडव्या आणि तिरप्या काड्या. प्रत्येक काडीचं टोक कानशीने अशा कोनात घासा की ते लांब तारेला घट्ट टेकेल. इथे घाई केली तर पुढचं सगळं सैल पडतं. जोडावर काडीने फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायच्या रसायनाचा) ठिपका लावा. सोल्डरच्या तारेचा मिलिमीटरभर तुकडा कापून जोडावर ठेवा, २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या टोकाने दोन सेकंद टेकवा. सोल्डर चमकून जोडात शिरताना दिसतं. तसं दिसलं की हात मागे घ्या. नुसता गोळा होऊन वर बसलं असेल तर जोड पुरेसा तापलेला नाही.

शेजारचा जोड करताना आधीचा सुटू नये म्हणून मधे ओल्या कापसाचा बोळा ठेवा. उष्णता तिथेच थांबते. मोठ्या जोडापासून छोट्याकडे, आणि एका टोकापासून सलग न जाता एकदा पुढे एकदा मागे असे जोड घ्या. त्याने सांगाडा वाकत नाही. एक बाजू झाली की त्याच टाचण्यांमध्ये दुसरी करा, म्हणजे दोन्ही एकसारख्या होतात. मग दोन्ही बाजू पुठ्ठ्याच्या आधाराने उभ्या करून मधल्या काड्या लावा. किती काड्या आणि कुठे, ते तुमच्या फोटोवरून मोजा.

तयार सांगाडा काचेवर ठेवून मागच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा. पीळ असेल तर लगेच दिसतो. तो हाताने मोडू नका. जिथे पीळ सुरू होतो तो जोड पुन्हा तापवून सैल करा आणि आपसूक सरळ होऊ द्या. शेवटी जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात खसाखसा घासून धुवा. फ्लक्स राहिला तर काही महिन्यांत हिरवट डाग येतात आणि रंग उचलला जातो.

शेपटीच्या पंख्याकडे जाणारा दांडा सांगाड्यावरून जातो. १/७२ला २३ नंबरची आणि १/४८ला २१ नंबरची सुई यासाठी छान बसते. एक सुई पुरत नाही, तेव्हा दोन सुया आत तार घालून जोडा आणि सांधा आधारकड्याखाली लपवा. हा दांडा रंग झाल्यावर लावायचा, म्हणून आत्ता फक्त जुळवून बाजूला ठेवा.

केबिन आणि काच

फुग्यातून आतलं सगळं दिसतं. पुढे दोन आसनं, मागे तिघांचं बाकडं. किटमधली आसनं बहुधा ठोकळेबाज असतात, त्यांच्या कडा घासून पातळ करा. पट्टे घरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलचे करता येतात. फॉइल दुमडून दोन पदरी करा, पट्टी कापा, आसनावर ठेवून बोटाने दाबा, नैसर्गिक सुरकुती येते. वैमानिकाने दोन्ही हातांत धरायचे दांडे प्लॅस्टिकचे असतील तर बारीक तांब्याच्या तारेने बदला. जुन्या वायरीचं आवरण सोलून आतली एक-एक तार वेगळी केली की वर्षभर पुरेल एवढं सामान मिळतं.

काच कापणं हे या किटमधलं सगळ्यात नाजूक काम. दाबून काढलेली काच असेल तर आतून मळलेली माती किंवा मुलांची प्लॅस्टिसिन गच्च भरा, म्हणजे ती दबणार नाही. नवं पातं घ्या. कापायच्या रेषेवर टेप लावा आणि तिच्या कडेने अगदी हलक्या हाताने पातं फिरवा. पहिल्या फेरीत फक्त ओरखडा उमटला पाहिजे. पंधरा-वीस हलक्या फेऱ्यांत काच आपण होऊन सुटते. जोर दिला तर तडा जातो, आणि दुसरी काच डब्यात असेलच असं नाही. रेषेच्या अर्धा मिलिमीटर बाहेर कापा, उरलेलं १००० नंबरच्या पेपरवर उतरवा.

काचेला फेविक्विक लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती जास्तच धरते. फेविकॉल किंवा तसलाच पांढरा गोंद पुरेसा आहे. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि ओघळ ओल्या काडीने पुसता येतो. काच बसवण्याआधी आतली धूळ हवा मारून काढा, आणि काचेला आतून बोट लागलेलं नाही हे उजेडात तपासा. काच बसल्यावर आत काही करता येत नाही.

जोडणीचा क्रम

आता सगळे मोठे भाग चिकटवता येतील असे तयार आहेत. माहितीपत्रक बहुधा केबिनपासून सुरू करतं. मी सांगेन, केबिनच्या मागच्या मधल्या पेटीपासून सुरू करा. खऱ्या यंत्रात इथे इंधनाची टाकी असते, वर इंजिन आणि पंखा, पुढे केबिन, मागे शेपूट, खाली पायांची स्किड, म्हणजे चाकांऐवजी जमिनीवर टेकणाऱ्या दोन लांब नळ्या. सगळं याच पेटीला लटकलेलं आहे. ही पेटी चौकोनी आणि सरळ असेल तर बाकी सगळं सरळ येतं.

पेटीच्या वर, खाली, पुढे आणि मागे पेन्सिलने मध्यरेषा काढा. खुंट्या नाहीत, तेव्हा त्या आपण करायच्या. ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून तारेचा तुकडा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मोठ्या पृष्ठभागांना आतून पॉलिस्टायरीनच्या पट्ट्या लावा, म्हणजे सिमेंटला धरायला जागा मिळते. नुसत्या कडेला कड चिकटवलेला जोड काही महिन्यांनी उघडतो.

वजनाचा विचार इथेच करायचा. पितळी शेपूट प्लॅस्टिकपेक्षा जड आहे, त्यामुळे मॉडेल मागे बसू शकतं. कोरडं जुळवून, टेपने बांधून स्किडवर ठेवून बघा. गरज असेल तर मासेमारीचे शिशाचे मणी केबिनच्या फरशीखाली भरा आणि अरल्डाइटने पक्के करा. फेविकॉलने नको. शिसं आणि पांढरा गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होऊन शिशाची पांढरी पूड फुगते आणि आतून भाग फोडते.

स्किडचे पाय किटमध्ये मऊ प्लॅस्टिकचे असतील तर तेही तारेतून करा. जोडताना काचेच्या तुकड्याखाली आलेख कागद ठेवा, त्याच्या रेषांवर दोन्ही स्किड समांतर लावा, आणि अरल्डाइट पूर्ण आवळेपर्यंत मॉडेल पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये टेकवून ठेवा. शेपूट बसवताना वरून मध्यरेषा आणि मागून स्किड, दोन्ही एकाच वेळी बघा.

इंजिन उघडं असल्यामुळे नळ्या घालायचा मोह होतो. दोन-तीन ठळक नळ्या फोटो बघून तांब्याच्या तारेने घाला आणि थांबा.

पंखा

फ्रेंच परंपरेप्रमाणे चीताचा मुख्य पंखा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बऱ्याच रशियन आणि फ्रेंच हेलिकॉप्टरांचं असंच आहे, अमेरिकन यंत्रांचं उलट. म्हणून पात्याची गोलसर पुढची कड कोणत्या बाजूला येते ते चिकटवण्याआधी तपासा. मागची कड किटमध्ये जाड असते. ती फक्त खालच्या बाजूने घासून धारदार करा, म्हणजे वरचा आकार बिघडत नाही.

उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने लवतात. तिन्ही पाती एकदम कोमट-गरम पाण्यात धरून एका गोल बाटलीच्या अंगावर हलकेच वाकवा. किती, ते समोरून काढलेल्या फोटोवरून ठरवा. तिन्ही सारखी हवीत.

माथ्याजवळ तिन्ही पात्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या बारीक तारा असतात. किटमध्ये त्या बहुतेक वेळा नसतातच, आणि त्या घातल्याशिवाय हा माथा चीताचा वाटत नाही. वायरीतली सगळ्यात बारीक तार घ्या, पात्यांच्या मुळाशी ०.३ मिलिमीटरचं भोक पाडा, आणि तीन तुकड्यांनी त्रिकोण पुरा करा. तार ताठ दिसली पाहिजे, लोंबलेली नको.

पंखा काढता-घालता येईल असा करा. १८ नंबरच्या सुईचा तुकडा इंजिनपुढच्या गिअरपेटीत उभा रोवा आणि माथ्याखाली २१ नंबरचा तुकडा लावा. एक दुसऱ्यात बहुतेक वेळा अलगद बसते. जड लागली तर आतली सुई पॉलिश पेपरने जराशी उतरवा.

रंग

आमच्याकडे रंगकामाला ऋतू बघावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की थिनरच्या रंगावर पांढरट झाक येते आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं: रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर खरखरीत पडतो. म्हणून पावसाळ्यात कापणं, घासणं आणि सोल्डरिंग करा, आणि रंग दिवाळीनंतर सकाळच्या वेळी. उन्हाळ्यात करायचाच झाला तर पहाटे उरका.

पितळ आणि रेझिन यांवर प्रायमर हवाच. गाड्यांच्या दुकानातला करडा स्प्रे चालतो, पण आधी टाकाऊ दांडीवर मारून बघा. प्लॅस्टिक चिकट झालं तर तो मॉडेलवर नको. करड्या प्रायमरवर सांध्यांतल्या फटी उठून दिसतात. त्या भरा, घासा, पुन्हा प्रायमर मारा.

रंग दुधाइतका पातळ करा आणि एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या छोट्या फवाऱ्याने, १५ ते २० पीएसआय दाबावर तीन-चार विरळ थर द्या. सांगाड्याला चारही अंगांनी थोडं थोडं मारायचं, नाहीतर एका बाजूला ओघळ आणि दुसरीकडे पितळ दिसतं. छटेसाठी बाटलीवरच्या नावापेक्षा तुमच्या फोटोवर विश्वास ठेवा. आर्मी एव्हिएशनची गडद हिरवी चीता १/७२मध्ये जशीच्या तशी रंगवली तर काळी दिसते. रंगात थोडा पिवळसर करडा मिसळून उजळ करा.

खुणांच्या चिकटचित्रांआधी (ही पाण्यात भिजवून लावायची असतात) चकाकी असलेला वॉर्निश लावा. छोट्या कारखान्याच्या चिकटचित्रांची फिल्म कधी कधी पूर्ण पानभर सलग असते. प्रत्येक चित्र कडेला लागून कापून घ्या, आणि नको असलेलं एखादं आधी पाण्यात टाकून तपासा. वायुसेनेचं वर्तुळ बाहेरून केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. परदेशी छपाईत केशरी बऱ्याचदा लाल झालेलं असतं. तसं असेल तर वर्तुळं वेगळी मागवा. हेलिकॉप्टरचा क्रमांक बहुधा ‘झेड’ अक्षराने सुरू होतो, तुमच्या फोटोतलाच लावा.

मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून ते मळवताना हात आवरता घ्या. कॅमलच्या तैलरंगातला गडद तपकिरी टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कोपऱ्यांत सोडा, इंजिनच्या धुराड्याजवळ काळसर झाक द्या, आणि दगडावर घासून स्किडच्या तळाला उघडा धातू दिसतो तेवढा दाखवा. सियाचिनला उडणाऱ्या यंत्राची निगा फार काटेकोर असते. त्याला भंगारासारखं रंगवणं मला पटत नाही.

तळ आणि पेटी

बर्फाचा तळ करायचा असेल तर खाण्याचा सोडा वापरू नका, काही वर्षांत पिवळा पडतो. पांढरी रांगोळी कापडातून गाळून घ्या, त्यात पांढरा ॲक्रिलिक रंग आणि फेविकॉल मिसळा, थर्मोकोलच्या उंचसखल तुकड्यावर पसरा आणि ओला असतानाच वरून कोरडी रांगोळी भुरभुरवा. स्किड टेकतात तिथे बर्फ दाबलेला आणि जरासा मळका दाखवा.

उघड्या सांगाड्यावरची धूळ पुसता येत नाही, म्हणून काचेची पेटी लागतेच. माशांच्या टाक्या करणारे मापानुसार बनवून देतात. पेटीची रुंदी ठरवताना पंख्याचा व्यास धरा आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडा. प्रवासात न्यायचं झालं तर पंखा सुईतून उचलून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि पेटीत मॉडेलला शेपटीने नाही, स्किडने बांधा. मे महिन्याच्या अखेरीस पेटीत सिलिका जेलची ताजी पुडी टाका आणि पावसाळाभर महिन्याला बदलत जा.